ॲपमधले बिटकॉइन आणि लॉकरमधली चिठ्ठी : वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेले वर्षभर मी ठाण्यात बसून एका भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजचे, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी विकत घेण्या-विकण्याच्या बाजाराचे, ॲप वापरले, त्याचा हा अभिप्राय आहे. ॲपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार त्या एका कंपनीपेक्षा तिने विकायला ठेवलेल्या कल्पनेविषयी अधिक आहे. मी राष्ट्रीयीकृत बँकेत चौतीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली नऊ वर्षे समाशोधन विभागात, म्हणजे एका बँकेचे धनादेश दुसऱ्या बँकेशी जुळवून रात्री उशिरा ताळमेळ घालण्यात गेली. त्यामुळे ‘आता मध्यस्थाची गरज नाही’ अशी जाहिरात दिसली की ती मला थोडी मनाला लागते, हे वाचकांनी आधीच धरून चालावे.

खाते उघडण्याचा आग्रह भाच्याचा. तो ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. “मामा, तुम्ही आयुष्यभर लोकांचे चेक वटवलेत. इथे चेक नाही, बँक नाही, वटणावळ नाही. एकदा वापरून तर बघा,” असे तो गणपतीत जेवायला आला तेव्हा म्हणाला आणि हात धुण्याआधीच त्याने माझ्या फोनवर ॲप उतरवून दिले.

जी गोष्ट वापरायची ती आधी समजून घ्यावी, या जुन्या सवयीने मी बिटकॉइनचा मूळ निबंध वाचला. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 31 ऑक्टोबर 2008 रोजी प्रसिद्ध झालेला तो निबंध अवघा नऊ पानांचा आहे आणि बँकेत काम केलेल्या माणसाला तो वाटतो त्यापेक्षा सोपा जातो. बँकेत खतावणी एकच असते आणि ती बँकेच्या ताब्यात असते. इथे खतावणीची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर असते आणि साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक नवे पान जोडले जाते. ते पान कोणी लिहायचे हे संगणकांच्या गणिती शर्यतीतून ठरते, जिंकणाऱ्याला नवी नाणी मिळतात, आणि एकूण नाणी 2 कोटी 10 लाखांच्या पुढे कधीच जाणार नाहीत, असा नियम मुळातच घालून दिलेला आहे. एप्रिल 2024 पासून एका पानामागे 3.125 नाणी मिळतात. पुढे हा आकडा दर चार वर्षांच्या सुमारास निम्मा होत जाईल. पहिले पान 3 जानेवारी 2009 चे आहे आणि त्यात त्या दिवशीच्या लंडनच्या वृत्तपत्रातला, बँकांना सरकार दुसऱ्यांदा वाचवायला निघाले आहे अशा आशयाचा मथळा कोरून ठेवलेला आहे. कल्पना म्हणून मला हे सारे मनापासून आवडले. व्यवस्थापकाच्या सहीवाचून ताळमेळ लागतो, ही समाशोधनवाल्याला अद्भुत वाटावी अशीच गोष्ट आहे.

आता ॲपविषयी. खाते उघडायला पंचवीस मिनिटे लागली. पॅन, आधार, डोळ्यांची उघडझाप करत काढलेले छायाचित्र आणि खाते माझेच आहे हे पडताळण्यासाठी बँकेत आलेला एक रुपया, असा सगळा सोपस्कार झाला. आमच्या शाखेतल्या अर्जापेक्षा तो निश्चितच सुटसुटीत होता. पडद्यावरची मांडणी स्वच्छ आहे, आकडे वाचता येतील एवढे मोठे आहेत आणि मराठी भाषांतरही बरे आहे, फक्त ‘होल्ड’ला ‘धरून ठेवा’ असे म्हटल्यामुळे पहिल्या दिवशी मी बटणावर बराच वेळ बोट धरून ठेवले होते. मी बँकेतून 25,000 रुपये भरले. त्यांतले 18,000 बिटकॉइनमध्ये आणि 6,000 इथर या दुसऱ्या एका क्रिप्टो नाण्यात घातले. उरलेले शुल्क, त्यावरचा 18 टक्के जीएसटी आणि पुढचे किरकोळ खर्च यांसाठी ठेवले. एकाच क्षणी दिसणारा खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव यांत दोन टक्क्यांहून अधिक अंतर होते. म्हणजे वटणावळ गेलेली नव्हती, ती भावात मुरवलेली होती.

पण खरी ठेच वेगळ्याच ठिकाणी लागली. खरेदी झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने त्या जगप्रसिद्ध खतावणीत माझी नोंद शोधू लागलो. ती खतावणी कोणालाही इंटरनेटवर उघडून पाहता येते. माझी नोंद तिथे नव्हती. भाच्याला विचारले तेव्हा तो जरा वरमून म्हणाला, “तसं नसतं मामा. कंपनीकडे सगळ्यांची नाणी एकत्र असतात. तुमची एंट्री त्यांच्या डेटाबेसमध्ये आहे.” सांगायचे तात्पर्य एवढेच, की ज्या व्यवस्थेने मध्यस्थाची खतावणी मोडीत काढली, तिच्यातली नाणी मी मध्यस्थाच्या खतावणीवरच विकत घेतली होती. या मध्यस्थाला बँकेचे नियम लागू नाहीत. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, तसा इथे नाही. बँकेने ऐकले नाही तर नोव्हेंबर 2021 पासून सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे जाता येते, तसा लोकपालही इथे नाही. कोणतीही संस्था तपासताना मी एकच प्रश्न विचारत आलो आहे : बिनसले तर दाद कोणाकडे मागायची? पुढचे सगळे मी याच कसोटीवर मोजले.

नोव्हेंबरमध्ये बिनसलेच. माझ्या बिटकॉइनपैकी एक तृतीयांश नाणी माझ्या स्वतःच्या ताब्यात घ्यावीत म्हणून मी ती बाहेर पाठवायला गेलो तेव्हा ‘देखभालीमुळे बिटकॉइनची पाठवणी तात्पुरती बंद’ अशी पाटी आली. ती अकरा दिवस राहिली. खरेदी मात्र या काळात सुरळीत सुरू होती, दुकानाचे मागचे दार बंद आणि पुढचे उघडे. ग्राहकसेवेत आधी यंत्र बोलते. त्याने एकच वाक्य मला सात वेळा सांगितले. पाचव्या दिवशी माणूस बोलला, त्याने तेच वाक्य ‘सर’ लावून सांगितले. मग मी खाते उघडताना न वाचता मान्य केलेल्या अटी वाचल्या. वाद झाल्यास लवाद परदेशातल्या एका शहरात होईल, असे त्यांत लिहिले होते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, हे मला ठाऊक आहे; पण सहा हजारांच्या नाण्यांसाठी त्या अटीशी झुंजायला कोणता वकील उभा राहील, हेही ठाऊक आहे.

माझे अकरा दिवस ही फार किरकोळ गोष्ट आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून (माझे ॲप ते नव्हे) सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकले. त्यांची देणी कशी फेडायची याची योजना भारतातल्या न्यायालयात मंजूर झाली नाही, ती सिंगापूरच्या उच्च न्यायालयात झाली, कारण प्रक्रियेतली मूळ कंपनी तिथली होती. जानेवारी 2025 मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीचा ठपका उत्तर कोरियाच्या हॅकरांवर ठेवला. पुढच्याच महिन्यात बायबिट या एक्स्चेंजमधून दीडशे कोटी डॉलरच्या आसपास रक्कम गेली आणि अमेरिकेच्या एफबीआयने तिथेही उत्तर कोरियाचेच नाव घेतले. डोंबिवली-कल्याणच्या पगारदारांची बचत निर्बंधांखालच्या एका देशाच्या तिजोरीत जाऊ शकते, यासाठी पूर्वी युद्ध किंवा निदान समुद्री चाचे लागत. ऑक्टोबर 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती कोणासाठी विश्वस्त म्हणून ठेवता येते, असा निर्वाळा दिला, तेव्हा या सबंध प्रकरणात मला पहिल्यांदा ओळखीचा आवाज ऐकू आला.

सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने या ॲपला कसे कसे घेरले आहे, हेही वापरताना पावलोपावली दिसते. 6 एप्रिल 2018 रोजी रिझर्व्ह बँकेने दोन परिपत्रके काढली. एकाने बँकांना क्रिप्टोशी व्यवहार करायला मनाई केली. दुसऱ्याने भारतातल्या पेमेंटची माहिती भारतातच साठवली पाहिजे असे बजावले. पहिले परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी प्रमाणाबाहेरचे ठरवून रद्द केले, आणि म्हणून आज मी हे ॲप वापरू शकतो. दुसरे मात्र टिकले, आणि ते किती गांभीर्याने घ्यायचे असते हे मास्टरकार्डला जुलै 2021 मध्ये कळले, कारण ते न पाळल्यामुळे जवळपास अकरा महिने त्यांना भारतात नवे ग्राहक घेता आले नाहीत. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने वाशीकडे जाताना ऐरोली, रबाळे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती उभ्या राहिलेल्या दिसतात. त्यांच्यामागे वीज, जमीन, समुद्री केबलची जवळीक अशी पुष्कळ कारणे आहेत, परंतु माहिती देशाच्या सीमेत ठेवण्याचा आग्रह हेही एक आहे. इंटरनेटला सीमा नसते असे म्हणणाऱ्यांनी या लोकलने एकदा प्रवास करावा. सीमा तिथे काँक्रीटमध्ये ओतलेली आहे आणि तिला डिझेलचे जनित्र आहे. मार्च 2023 पासून क्रिप्टो कंपन्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला आणि त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागली. त्या वर्षाच्या शेवटी नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या, आणि त्यांतल्या काहींनी नंतर निमूटपणे नोंदणी करून दंडही भरला.

अकरा दिवसांनी पाठवणी सुरू झाल्यावर मी एक तृतीयांश बिटकॉइन पेनड्राइव्हएवढ्या एका हार्डवेअर वॉलेटवर घेतले. ॲपने यासाठी जे ठरावीक शुल्क कापले ते रुपयांत सुमारे अकराशे झाले. सहा हजारांच्या मालाला अकराशे रुपये हमाली वाशीच्या बाजारातही कोणी मागत नाही. पण यानंतर माझी नोंद त्या मूळ खतावणीत दिसली, आणि ती पाहताना मला झालेला आनंद लपवण्यात अर्थ नाही. आता त्या नाण्यांवर कोणाचीही सत्ता नव्हती, ना कंपनीची, ना सरकारची. सत्ता होती ती चोवीस इंग्रजी शब्दांची, जे एका कागदावर लिहून जपून ठेवायचे असतात. कागद गेला आणि यंत्रही बिघडले, तर नाणी गेली. कागद दुसऱ्याला सापडला, तर नाणी त्याची. घरात तो कुठे ठेवावा यावर आठवडाभर खल झाला. देवघर, धान्याचा डबा, जुन्या पासबुकांची पेटी, असे करत शेवटी मी तो नौपाड्यातल्या बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवला. सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे बँक नको म्हणून घेतलेली वस्तू सांभाळायला बँकच लागली ना?” मी उत्तर दिले नाही. लॉकरला निदान वारस नोंदवता येतो. बँकेच्या खात्याला तर नोव्हेंबर 2025 पासून चार वारसांपर्यंत नावे देता येतात. ॲपमध्ये वारसाचा रकानाच नव्हता.

ॲपच्या पहिल्या पानावर ‘डिजिटल डॉलर’ ठळकपणे दिसतात आणि भाच्याच्या मते खरी मजा त्यांतच आहे. टेदरसारखी ही नाणी एका डॉलरला बांधलेली असतात. बँकेतला माणूस अशा वेळी पहिल्यांदा विचारतो, की समोर तारण काय आहे? तारण मुख्यत्वे अमेरिकी सरकारचे अल्पमुदतीचे रोखे आहे. म्हणजे ठाण्यात कोणी दहा हजार रुपयांचे डिजिटल डॉलर घेतले, तर ते पैसे शेवटी अमेरिकेच्या सरकारला उसने जातात, आणि त्या रोख्यांवरचे व्याज नाणे काढणाऱ्या कंपनीला मिळते, घेणाऱ्याला नाही. जुलै 2025 मध्ये अमेरिकेने जीनियस नावाचा कायदा करून ही रचना पक्की केली, आणि त्यामागे डॉलरची मागणी वाढवण्याचा हेतू आहे हे तिथल्या सत्ताधाऱ्यांनी लपवलेलेही नाही. शिवाय तपासयंत्रणांनी तसे सांगितल्यास कंपनी एखाद्या पत्त्यावरची अशी नाणी गोठवू शकते आणि तिने ती अनेकदा गोठवली आहेत. 2022 मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेचा सुमारे 30,000 कोटी डॉलरचा साठा गोठला आणि तिथल्या मोठ्या बँका बेल्जियममधल्या स्विफ्टच्या, म्हणजे जगभरच्या बँका एकमेकींना पैशांचे निरोप धाडतात त्या, संदेशव्यवस्थेतून बाहेर काढल्या गेल्या, तेव्हा डॉलरला पर्याय शोधायला हवा अशी चर्चा सगळीकडे सुरू झाली. क्रिप्टोने त्या चर्चेला दिलेले सर्वांत खपाऊ उत्तर म्हणजे आणखी डॉलर. एल साल्वाडोरने सप्टेंबर 2021 मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले खरे, पण जानेवारी 2025 मध्ये नाणेनिधीच्या 140 कोटी डॉलरच्या कर्जासाठी ते स्वीकारण्याची सक्ती कायद्यातून काढून टाकली. त्या देशाचे स्वतःचे चलन 2001 पासून डॉलरच आहे. मी डिजिटल डॉलर घेतले नाहीत.

तुलनेसाठी रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया, म्हणजे तिनेच काढलेली पण कागदाऐवजी फोनमध्ये राहणारी नोट, हाही वापरून पाहिला. किरकोळ व्यवहारांसाठी त्याची चाचणी 1 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाली आणि पहिल्या चार शहरांत मुंबई होती. ॲपमध्ये दहा, वीस, पन्नास, शंभर अशा नोटांची चित्रे दिसतात. मी जांभळी नाक्यावर भाजीवाल्या मावशींना पंचाहत्तर रुपये त्यांच्या नेहमीच्याच क्यूआरवर दिले. “आले हो काका,” एवढेच त्या म्हणाल्या. आपल्याला मध्यवर्ती बँकेचे थेट देणे मिळाले की नेहमीच्या यूपीआयचे पैसे, हे त्यांना कळायचे कारण नव्हते आणि कळून उपयोगही नव्हता. यूपीआय 2016 पासून इतके चालले आहे, की डिजिटल रुपयाला ग्राहकाच्या दृष्टीने काम उरलेले दिसत नाही. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ते उरले आहे, कारण हा रुपया कशावर आणि कधीपर्यंत खर्च करता येईल हे त्याच्यातच लिहून ठेवता येते आणि तशा चाचण्याही झाल्या आहेत. अनुदानासाठी हे सोयीचे आहे. माझ्या निवृत्तिवेतनासाठी ते कोणी सोयीचे मानू नये, एवढीच अपेक्षा.

मार्च संपण्यापूर्वी मी ॲपमधली नाणी विकली. 12,000 चे बिटकॉइन 14,000 ला गेले आणि 6,000 चा इथर 4,500 ला. माझ्या हिशेबाने 500 रुपये फायदा. आयकर कायद्याच्या हिशेबाने 2,000 रुपये फायदा, कारण 2022 च्या अर्थसंकल्पापासून एका क्रिप्टोचा तोटा दुसऱ्याच्या फायद्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही, आणि खरेदीच्या किमतीशिवाय कोणताही खर्च धरता येत नाही. 30 टक्क्यांनी 600, त्यावर 4 टक्के उपकराचे 24, असे 624 रुपये कर. पाचशे मिळवले आणि सहाशे चोवीस दिले. विक्रीच्या वेळी 1 टक्क्याने कापलेले 185 रुपये त्यात जमा धरले गेले, उरलेले विवरणपत्रासोबत भरले. हा कर मला अन्यायाचा वाटतो, आणि मी आयुष्यभर कर कापून घेणाऱ्यांच्या बाजूला बसलेला माणूस आहे. जुगाराला लावावा तसा दर लावायचा आणि जुगारातल्यासारखेच ग्राहकाला संरक्षण मात्र काही द्यायचे नाही, अशी ही व्यवस्था आहे. ॲपने दिलेले कराचे विवरण मात्र उत्तम होते. एकही आकडा चुकला नव्हता, आणि समाशोधनवाल्याकडून याहून मोठी दाद कोणाला मिळत नाही.

ॲपला पाचांपैकी दोन तारे देतो, त्यांतला एक त्या विवरणासाठी. ज्यांना घ्यायचेच आहे त्यांनी हरले तरी चालतील एवढेच पैसे घालावेत, घेतलेल्या आठवड्यातच थोडी नाणी बाहेर पाठवून मागचे दार उघडते की नाही ते पाहावे, आणि अटींमधला लवादाचा परिच्छेद आधी वाचावा. मूळ बिटकॉइनला तारे देणे माझ्या आवाक्यातले नाही.

खाते बंद करण्याची विनंती केल्यावर तिसऱ्या दिवशी ईमेल आला, की माझी ओळखीची कागदपत्रे कायद्यानुसार आणखी पाच वर्षे त्यांच्याकडे राहतील. चिठ्ठी लॉकरमध्येच आहे. लॉकरचे या वर्षीचे भाडे, 18 टक्के जीएसटीसह, गेल्या आठवड्यात माझ्या बचत खात्यातून आपोआप नावे पडले.